जावळाची लोकर

"अशी उकिडवी बसलीस तर कोल्हं बी वळखंल तुला पोलीस म्हणून," बानूबाई म्हणाली. "एक गुडघा उभा घे, पदर खोच, आन् मान जरा खाली घाल. माझ्या भाच्याची बायकू हाईस तू, फौजदारीन न्हाईस."

मी गुडघा उभा घेतला. त्याबरोबर नऊवारीचा काष्टा पुन्हा ढिला झाला, आणि बानूबाई तोंडाला पदर लावून हसली. जिच्या पोराला धरायला मी तिच्या दारात बसले होते ती बाई हसते कशी, हेच मला कळत नव्हतं. दार म्हणजे तरी काय, दार नव्हतंच. धनगराच्या वाड्याला भिंती नसतात. एक बाभळ, तिच्याखाली बाजलं, तीन दगडांची चूल, ओझ्याचं घोडं, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि मेंढरं कोंडायची जाळीची वाघर. अंथुर्ण्याच्या पुढच्या माळावर सध्या तो वाडा उतरला होता.

मी सोनल, पोलीस शिपाई. गाव सणसर, वडील कारखान्यात वजनकाट्यावर होते. माझी जीभ जरा तिखट आहे असं आई म्हणते, आणि सासूही म्हणते, म्हणजे खरंच असावं. साहेबांनी विचारलं, "धनगराच्या वाड्यावर कोण राहील?" तेव्हा सगळ्या बाया खाली बघायला लागल्या आणि मी बोलून गेले, "त्यात काय एवढं?" झालं. माझंच नाव लागलं.

माणूस धरायचा होता बिरू. बानूबाईचा थोरला. लहानपणापासून मेंढरांमागं कोकणापर्यंत चालून आलेला, मग फौजेत गेलेला, आणि फौजेतून आल्यावर बारामतीत एका पेट्रोल पंपावर स्वतःच्या परवान्याची बाराबोरी बंदूक खांद्याला लावून रखवाली करणारा. शांत माणूस, असं जो तो सांगत होता. तालुक्यातल्या इंद्रजित नावाच्या बागायतदारानं गायरानाला तारेचं कुंपण घातलं. बिरूचा बाप सावळाराम जुन्या वाटेनं मेंढरं घेऊन गेला, तर इंद्रजितनं त्याला सगळ्या गड्यांदेखत चाबकानं मारलं. म्हातारा आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेला नव्हता. त्यानं अंथरूण धरलं आणि तो त्यातून उठला नाही. बापाचं तेरावं झालं आणि बिरू बंदूक घेऊन इंद्रजितच्या बांधावर गेला. घाबरवायला गेला होता म्हणे. पण बार उडाला आणि इंद्रजित जागीच गेला. मागं उरली त्याची बायको सुप्रिया, आणि तिच्या कडेवर एक पोरगी.

तेव्हापासून बिरू रानात होता. आम्ही काय काय नाही केलं? उसावरून ड्रोन फिरवला. श्वानपथक आणलं, तर हा कालव्याच्या वाहत्या पाण्यातून चालायचा आणि कुत्री काठावर गोल फिरत बसायची. उसाच्या फडात शिरायचा तो एक पान न मोडता. निजायचा तो काटेरी झुडपाच्या पोटात, जिथं लांडगासुद्धा तोंड घालणार नाही. एकदा सणसरच्या बाजूला गाठ पडली, तेव्हा पळताना त्यानं बार काढला आणि आमच्या भिमा हवालदारांच्या मांडीत छर्रे घुसले. त्यानंतर सगळी हवाच बदलली. 'दिसला की ठोका' असं कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण जो तो बंदूक पुसत बसलेला असायचा.

साहेब बानूबाईकडं आले तेव्हा मी बरोबर होते. "आज ना उद्या तो तुझ्याकडं भाकरीला येणार," साहेब म्हणाले. "आमची बाई तुझ्यापाशी राहील. आमची माणसं पलीकडं विहिरीच्या मोटारघरात."

"जित्ता धराल?" बानूबाईनं विचारलं.

"बंदूक टाकली तर धरू."

"आन् न्हाय टाकली तर?"

साहेब गॉगल पुसायला लागले.

"र्‍हाऊ द्या तिला," बानूबाई म्हणाली.

तर असा मुक्काम पडला. सकाळी धाकटा सिद्धू मेंढरं घेऊन कालव्यापलीकडं चरायला जायचा. मागं आम्ही दोघी, कुत्रं, बारकी कोकरं आणि विणीला आलेल्या मेंढ्या. बानूबाईचा उजवा हात मनगटात मोडला होता, घोड्यावरून बिऱ्हाड उतरवताना पडली होती. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. म्हणून भाकरी मला थापायला लागायच्या, आणि माझी भाकरी बघून ती म्हणायची, "बया बया! ही भाकर हाय का नकाशा?" मी म्हणायची, "मावशी, पोटात जाऊन गोलच होती की सगळी."

भाकरी कशाही होवोत, बानूबाई मोजक्याच करायला लावायची. एकही जास्त नाही. मला आधी वाटलं, कंजूष आहे. एका संध्याकाळी मी म्हटलं, "मावशी, एखादी उरू द्या की. कुत्र्याला होईल."

"उरली की मला ठेवावीशी वाटंल," ती म्हणाली. "बाभळीच्या बेचक्यात ठेवली की त्येला वास लागंल. वास लागला की त्यो यील. आला की तुमी गोळी घालाल." मग चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "आन् न्हाय आला तर उपाशी मरंल. काय करू सांग मी? आई हाय का कोन हाय मी?"

मी परातीतलं उरलेलं पीठ परत पिशवीत ओतलं.

रिकामपणी ती डाव्या हातानं लोकर विंचरायची. मला शिकवायला लागली. एक काळा पुंजका माझ्या तळव्यावर ठेवला, मग दुसरा. "सांग, काय फरक?"

"दोन्ही काळीच हायती."

"डोळ्यानं न्हाय गं. बोटानं सांग." एक पुंजका सावरीच्या कापसासारखा मऊ होता, टोकांना बारीक वळसा होता. दुसरा चरचरीत, बोटाला टोचणारा. "ही मऊ हाय ती जावळ. कोकराची पयली कातरण. जल्मात एकदाच निघती. एकदा कातरली की पुन्हा तसली लोकर येत न्हाय, मग मेंढी म्हातारी होस्तवर टोचतच ऱ्हाती. बिरूला मी जावळाच्या घोंगड्यात वाढवला. दीड हाताचा हुता तवाच डोळं झाकून सांगायचा, आई ही जावळ, ही म्हातारी. एकदा बी चुकला न्हाय बघ."

पोराचं असं कौतुक सांगायची आणि मग एकदम लोकरीत मान घालायची. मीही इकडंतिकडं बघायची. सुप्रियाच्या कडेवरची पोरगी मी पाहिली होती. पंचनाम्याच्या दिवशी ती बापाची चप्पल हातात घेऊन हिंडत होती. ती आठवली की मला बानूबाईची दया करायची चोरी वाटायची, आणि बानूबाईचं तोंड बघितलं की दया केल्यावाचून राहवायचं नाही.

मग ती दुपार आली.

वाड्यावर चांदणी नावाची काळी मेंढी होती, कपाळावर पांढरा ठिपका. फौजेतून आल्यावर बिरूनंच तिला बाटलीवर वाढवलेली. सकाळपासून ती उठबस करत होती. जेवणं झाली आणि तिला कळा सुरू झाल्या. एक बारका खूर बाहेर आला आणि तिथंच अडलं. मेंढी ओरडायला लागली. मेंढीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मान मागं वळलीया कोकराची," बानूबाई म्हणाली. "हात घालून सरळ कराय पायजे. माझा हात तर ह्यो असा. पोरी, तेल लाव आन् घाल हात."

मी तेल लावलं. हात घातला. मेंढी अशी काही ओरडली की मी तो काढूनच घेतला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला रडू यायला लागलं. "मावशी, मला न्हाय जमत. मरंल ती माझ्या हातनं."

बानूबाई उठली आणि कालव्याकडं तोंड करून तिनं हाळी दिली. सिद्धूला. लांबलचक, शेवटाला वर चढणारी. कालव्यापलीकडं काही हललं नाही. तिनं पुन्हा दिली, पुन्हा दिली. मेंढीचा आवाज आता बारीक होत चालला होता.

तेवढ्यात कुत्रं उठून उभं राहिलं. भुंकलं नाही. शेपूट हलवायला लागलं.

सिद्धू नव्हता. कालव्याच्या उलट्या अंगाला, जिथं आमची माणसं दोनदा शोधून गेली होती त्या बोरीच्या जाळीतून एक माणूस उठला आणि सरळ चालत आला. खांद्याला घोंगडं, हातात बंदूक. आमच्याकडच्या फोटोतला बिरू भरल्या अंगाचा होता. हा वाळून गेला होता. उसाच्या पात्यांनी हात आणि गाल कापलेले, दाढी वाढलेली. मोबाईल माझ्या पोटाशी खोचलेला होता, आणि मला तो काढायचं सुचेना.

"कवाधरनं अडलंय?" त्यानं आईला विचारलं. जसा काय बाजाराला जाऊन आलाय.

"जेवनं झाल्यापस्नं. मान मागं हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "ही कोन?"

"तुझ्या मामेभावाची बायकू."

त्याची नजर माझ्या पायांवर गेली. टाचांना एक भेग नाही, आणि घोट्याभोवती बुटाचा नि मोज्याचा वण लख्ख दिसत होता. "मामाच्या सुना कवाधरनं बूट घालाय लागल्या?" तो म्हणाला.

मला वाटलं, संपलं आता. पण चांदणी पुन्हा ओरडली, आणि त्यानं बंदूक बाभळीच्या खोडाला टेकवून ठेवली, बाह्या वर केल्या, तेलाची वाटी ओढली आणि तो मेंढीमागं गुडघ्यावर बसला. "हूं, हूं, बाय माझी," म्हणत त्यानं हात आत घातला. मेंढी गप्प झाली.

बानूबाई त्याच्या पाठीकडं बघत उभी होती. मग ती बाभळीकडं गेली, डाव्या हातानं बंदूक उचलली आणि आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"पोरी," ती म्हणाली, अगदी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "कर तुझा फोन. आत्ता कर. त्येचे हात गुतलेत."

बिरूचा हात थांबला. त्यानं मान वळवली नाही. "आई?" एवढंच म्हणाला.

"मेलेला नगं मला तू," बानूबाई म्हणाली. "तुझा बाप गेला. त्या पोरीचा बाप तू घेतलास. आता बास. तुरुंगात र्‍हा, पन र्‍हा रं बाबा. कुठं तरी हाईस एवढं मला कळू दे."

मी फोन केला.

त्याला अजूनही पळता आलं असतं. बंदूक नव्हती, पण बोरीची जाळी हाकेवर होती, आणि एकदा जाळीत शिरला की तो कुणाच्या बापाला सापडला नसता. तो उठला नाही. डोळे मिटून आतल्या आत बोटांनी काहीतरी शोधत राहिला. कोकराची मान हाताला लागली असावी. ती सोडून कुठलाही धनगर उठला नसता, आणि हे बानूबाईला माहीत होतं.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही, आणि माझ्याही नाही.

"हात वर!" साहेब मोटारघराच्या बाजूनं पळत येत ओरडले. मागं सगळे, बंदुका रोखलेल्या. "बिरू, हात वर कर! दोन्ही हात वर!"

बिरूचा हात कोपरापर्यंत मेंढीत होता. तो हलला नाही.

"हात दाखव! नाहीतर गोळी घालीन!"

लांबून त्यांना एवढंच दिसत होतं की एक माणूस पाठमोरा बसलाय आणि हात लपवतोय. बानूबाईच्या सारं लक्षात आलं. ती जाऊन त्याच्या पाठीला पाठ लावून बसली, कामट्या बांधलेला हात वर करून. "माझा वर हाय! माझा बघा!" ती ओरडायला लागली. मी बंदूक डोक्यावर धरून मधे पळाले. काष्टा सुटला होता, त्याची मला शुद्ध नव्हती. "सर, बंदूक माझ्याकडं आहे! मेंढी अडलीय सर, त्याचा हात मेंढीत आहे! नका, नका, थांबा!"

कसे थांबले देव जाणे. साहेबांनी पंजा उचलला आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले. त्या माळावर इतक्या बंदुका आणि इतकी माणसं, आणि सगळे एका मेंढीची वाट बघत होते.

बिरूनं हळूच ओढलं. मान आली, मग दुसरा पाय, मग सगळंच घसरून बाहेर. काळं, कपाळावर पांढरा ठिपका, आईसारखं. त्यानं त्याच्या नाकातला चिकटा पुसला, नाकात फुंकर घातली, उलटं धरून झटकलं, पुन्हा फुंकर घातली. कोकरू बारीकसं बेंबटलं. मग त्यानं ते बानूबाईच्या ओटीत ठेवलं आणि हात वर केले. कोपरापर्यंत रक्त होतं.

बेड्या घालायला पुढं झालेल्या शिपायाला बानूबाई म्हणाली, "थांबा. हात धुवू द्या त्येचे." साहेबांनी मान हलवली. तिनं डाव्या हातानं चरवी उचलली आणि पाणी ओतलं. बिरूनं ओंजळ पुढं केली. पाणी ओतून झालं तरी ती रिकामी चरवी तशीच धरून उभी राहिली.

"ह्यापरीस गोळी बरी हुती, आई," तो म्हणाला, आणि तिच्याकडं न बघता गाडीकडं चालायला लागला.

कोकरू संध्याकाळपर्यंत जगलं. फार वेळ अडकून पडलं होतं, दूध ओढायचा जोरच त्याच्यात आला नाही. बानूबाईनं ते मांडीवर घेऊन बोटानं दूध पाजलं, चुलीपाशी ऊब दिली. दिवस बुडताना त्यानं मान टाकली. सिद्धूनं बाभळीखाली खड्डा काढला. माझी ड्यूटी संपली होती, गाडी न्यायला आली होती, तरी मी माती लोटायला थांबले.

"बिरूला कळू द्याचं न्हाय," बानूबाई सिद्धूला म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू बी सांगू नगंस पोरी. त्येवढ्यासाठी त्यो बसला."

खटला बारामतीच्या कोर्टात उभा राहिला. बिरूला येरवड्याहून आणायचे, आणि तारखेला माझी ड्यूटी नसली तरी मी ती मागून घ्यायची. वाडा जिथं असेल तिथून बानूबाई एसटीनं यायची आणि कोर्टाच्या पायरीवर एका टोकाला बसायची. दुसऱ्या टोकाला सुप्रिया, पोरीला घेऊन. "तिच्याकडं बघवत न्हाय मला," बानूबाई एकदा मला म्हणाली. "माझा निदान जित्ता हाय. तिचा तर तोबी न्हाय." सुप्रियाची पोरगी एकदा खेळत खेळत हिच्या पायाशी आली, तेव्हा बानूबाईनं तिला लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

पहिल्या तारखांना बिरू आईकडं बघायचाच नाही. ती हाक मारायची, तो भिंतीकडं तोंड करायचा. मग एकदा, गाडीतून उतरताना, कुणालाच उद्देशून नाही असं त्यानं विचारलं, "कोकरू हाय का?"

"हाय की!" बानूबाई घाईघाईनं म्हणाली. "दूध पितंय चांगलं."

पुढच्या तारखेला पुन्हा तेच. "चरतंय आता. लई अवखळ हाय, वाघरीतनं मुंडकं घालतंय." त्याच्या पुढच्या तारखेला, "आईवानी ठिपका मोठा झालाय." मी शेजारी उभी राहून ऐकायची. दोघांत बोलणं म्हणजे तेवढंच. तोंड भिंतीकडंच, पण कान इकडं. मातीखाली गेलेलं ते कोकरू तारखेगणिक वाढत होतं.

निकाल लागला त्या दिवशी जन्मठेप झाली. सुप्रिया पोरीला पोटाशी धरून रडली. बानूबाई रडली नाही. ती माझ्यापाशी आली आणि पदराची गाठ सोडायला लागली. मोडलेलं मनगट नीट बसलं नव्हतं, गाठ सुटेना, म्हणून मीच सोडली. आत काळ्या लोकरीचा पुंजका होता.

"त्येला देऊ का? तपास की हवं तर."

कैद्याला काही द्यायचं म्हणजे तपासावं लागतं. मी पुंजका बोटांत धरला. टोचला. चरचरीत, राठ. चांदणीची लोकर होती ती. मी बानूबाईकडं बघितलं.

"जावळ हाय," ती म्हणाली, माझ्या डोळ्यांत डोळे घालून. "त्येच्या कोकराची. पयली कातरण झाली."

"व्हय मावशी," मी म्हटलं.

साहेबांना विचारून मी तो पुंजका बिरूच्या बेडी घातलेल्या हातात ठेवला. "आईनं दिलंय. कोकराची जावळ." त्यानं तो अंगठा आणि बोटात धरला आणि सवयीनं चोळला. बोटं थांबली. पुन्हा एकदा चोळला, सावकाश. मी मनात म्हटलं, कळलं. आता एवढंही उरलं नाही म्हातारीला.

बिरूनं मान वर केली. त्या दुपारनंतर पहिल्यांदा त्यानं आईच्या तोंडाकडं बघितलं. बघतच राहिला.

"लई मऊ हाय, आई," तो म्हणाला.

"आसंलच की," बानूबाई म्हणाली. "पयली कातरण मऊच आसती."

त्यानं पुंजका सदऱ्याच्या खिशात घातला, वरून हात ठेवला, आणि गाडीत चढला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बानूबाई उभी राहिली. मग तिनं पदराला पुन्हा रिकामीच गाठ मारली.

"अंथुर्ण्याची गाडी कवा हाय गं, पोरी?" तिनं विचारलं. "सिद्धूच्यानं एकट्याच्यानं आवरत न्हाईत मेंढरं."